शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती कोडची फाइल) बिल्ड करायला चार ओळी पुरतात?

कृष्णाकाठ, सांगली:
'रीडमीत चारच ओळी ठेवा: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, एलडीकॉन्फिग. बाकी पसारा काढा', ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. (रीडमी म्हणजे सोबतची सूचनांची फाइल; लोडर म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणारा, आणि एलडीकॉन्फिग त्याची यादी ताजी करतं.) पसारा काढा की! पण जी ओळ काढल्यावर माणूस अडतो, तो पसारा कसा? मेक इन्स्टॉल लायब्ररी टाकतं ते यूएसआर-लोकल-लिब फोल्डर उबुंटूवर लोडरच्या यादीत असतं, सेंटओएस 7 वर नसतं. तिथं चारही ओळी बिनबोभाट चालतात आणि प्रोग्रॅम सुरू केला की 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. फाइल तर समोर दिसतेय! एलडी.एसओ.कॉन्फ.डी या फोल्डरात तो पाथ लिहिलेली एक फाइल टाकायची, एवढंच सांगायचं असतं.

विश्रामबाग:
पोस्ट माझीच. पहिल्या वर्षाची पोरं शिकवतो मी. एकाच पानावर लिनक्सचं एसओ, मॅकचं डायलिब, विंडोजचं डीएलएल आणि वर सोनेमचं (लायब्ररीत कोरलेल्या आवृत्तीच्या नावाचं) प्रवचन. पोरगं पान बंद करतं, परत येत नाही. तुमच्या जुन्या सेंटओएससाठी सगळ्यांनी का वाचायचं?

कराडकर:
खरं दुखणं वेगळंच आहे. 'एलडी_लायब्ररी_पाथ बॅशआरसीत टाका' हे लिहिणं आधी बंद करा. (पहिलं म्हणजे लायब्ररी कुठं शोधायची ते सांगणारं व्हेरिएबल, दुसरी टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल.) ऐन हंगामात कारखान्याच्या काट्यावरचं मशीन रीस्टार्ट झालं आणि वजनाची सर्व्हिस उठेना. टर्मिनलवरून हातानं चालवली की चालते! सर्व्हिस सुरू करणारं सिस्टमडी बॅशआरसी वाचतच नाही. उसाच्या ट्रॉल्या पार रस्त्यावर आल्या, ड्रायव्हर शिव्या घालतायत.

मिरज:
मग दोष सर्व्हिस लावणाऱ्याचा. लॅबमध्ये सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) मिळत नाही, होम फोल्डरात इन्स्टॉल करावं लागतं. तिथं तोच पाथ कामी येतो.

कराडकर:
लावणाऱ्याला बोलू नका, त्यानं रीडमीत होतं तेच केलं! होम फोल्डर असेल तर आरपाथ, म्हणजे प्रोग्रॅममध्येच लिहिलेला लायब्ररीचा पाथ, द्या. आणि सीमेक हे बिल्ड टूल बिल्डचा आरपाथ इन्स्टॉल करताना पुसून टाकतं, हे कोण लिहिणार? बिल्ड फोल्डरात चालतं, इन्स्टॉल केल्यावर मोडतं, लोक दिवस घालवतात.

मिरज:
आरपाथ बायनरीत कोरला जातो, त्यात पूर्ण पाथ असेल तर फोल्डर हलवला की संपलं. तेही लिहा मग.

विश्रामबाग:
बरं, पाचवी ओळ घ्या: एलडीडी (कोणती लायब्ररी सापडते ते दाखवणारी कमांड) चालवा, 'नॉट फाउंड' दिसलं तर पुढचं पान. सोनेम मात्र पहिल्या पानावर येऊ देणार नाही.

कृष्णाकाठ, सांगली:
सोनेम मेंटेनरच्या पानावर जाऊ दे, मान्य. कॉन्फ.डी पहिल्याच पानावर हवं.

कराडकर:
आणि बॅशआरसीची ओळ जाईपर्यंत माझा विरोध कायम.