बाळाने काहीच केलं नाही, मग पाप कसलं? दृढीकरणाच्या वर्गासाठी मदत हवी

वर्गपाठ: नमस्कार. दृढीकरणाच्या (बाप्तिस्मा झालेल्यांचा विश्वास पक्का करणाऱ्या विधीच्या) वर्गात पुढचे दोन रविवार जन्मपाप, म्हणजे पहिला माणूस आदाम याच्या पतनामुळे सगळ्यांना जन्मतःच लाभलेलं पाप, आणि कृपा हा विषय आहे. मुलं १४-१५ वर्षांची, आणि काहींच्या घरी आई कॅथलिक तर वडील प्रॉटेस्टंट. तीन प्रश्न येणार हे नक्की. तान्हं बाळ अपराधी कसं? यहेज्केल १८:२० म्हणतं की मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही, मग आदामाचा भार आपल्यावर का? आणि हे म्हणजे आपलं पूर्वसंचितच ना? 'देवावर विश्वास ठेवा' एवढ्यावर ही मुलं गप्प बसणार नाहीत.

ओवीकार: 'पाप' हा एकच शब्द तीन कामं करतो, गोंधळ तिथेच सुरू होतो. एक, उणीव: देवाशी मुळात जे नातं असायला हवं होतं ते नसणं. दोन, कल: मन स्वतःकडेच वळलेलं असणं. तीन, दोष: न्यायासनापुढे अपराधी ठरणं. पहिल्या दोन गोष्टी पश्चिमेकडची जवळजवळ प्रत्येक मंडळी (चर्च) मानते. भांडण तिसरीवर आहे.

कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचे परिच्छेद ४०४ आणि ४०५ काढा. तिथे म्हटलंय की हे पाप 'केलेलं' नाही, 'लाभलेलं' आहे; ती कृती नाही, अवस्था आहे; आदामाच्या वंशजात ते वैयक्तिक अपराधाच्या रूपात नसतं. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाला कॅथलिक उत्तर सरळ आहे: बाळाने गुन्हा केला असं कुणी म्हणत नाही. लूथरपंथीयांचं १५३० चं ऑग्सबर्ग कबुलीपत्र दुसऱ्या कलमात जास्त कडक आहे: माणूस देवाचं भय आणि देवावर भरवसा यांवाचून आणि वासनेसह जन्मतो, आणि हे खरोखरीचं पाप आहे. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचं वेस्टमिन्स्टर कबुलीपत्र (प्रकरण ६) आदामाचा दोष वंशजांच्या खाती धरला जातो असं स्पष्ट म्हणतं. ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र मरण आणि बिघाड वारशाने येतो म्हणतात, दोष नाही.

यहेज्केलासाठी अध्याय १८ चं दुसरं वचन आधी वाचून घ्या. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी म्हण लोक वापरत होते, म्हणजे आपल्या चुकांचं खापर वाडवडिलांवर फोडत होते. संदेष्टा ते तोडतोय. मनुष्यजातीच्या अवस्थेचा प्रश्न तिथे चर्चेलाच नाही.

शब्दकीस: रोमकरांस ५:१२ वर थोडं थांबा. ग्रीकमध्ये तिथे 'एफ् हो' आहे. बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ 'ज्यामुळे' किंवा 'कारण' असा घेतात. मराठी बायबलही 'सर्वांनी पाप केल्यामुळे' या अर्थानेच जातं. लॅटिनमध्ये ते 'इन क्वो' झालं, आणि चौथ्या-पाचव्या शतकातला लॅटिन धर्मपंडित ऑगस्टिन याने त्यावरून 'ज्याच्यामध्ये', म्हणजे आदामामध्ये सगळ्यांनी पाप केलं, असं वाचलं.

पण यावरून 'हा सगळा सिद्धान्त चुकीच्या भाषांतरावर उभा आहे' असं वर्गात सांगू नका. इंटरनेटवर हे वाक्य फार फिरतं आणि ते अर्धवट आहे. त्याच अध्यायातली १८ आणि १९ ही वचनं ते एक अव्यय बाजूला ठेवलं तरी उभी राहतात. शिवाय ऑगस्टिनचा एक मोठा युक्तिवाद भाषांतरावर नव्हता, प्रथेवर होता: मंडळी तान्ह्या बाळांनाही 'पापक्षमेसाठी' बाप्तिस्मा देते, तर ती क्षमा कशाची?

ऑगस्टिनचा विरोधक, संन्यासी पेलागियस याचं म्हणणं होतं की आदामाने वाईट उदाहरण घालून दिलं, बस. त्याचा साथीदार केलेस्टियस कार्थेजला ४११ च्या सुमारास दोषी ठरला, खुद्द पेलागियस ४१५ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या डायोस्पोलिसच्या सभेत सुटला आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने त्या मताविरुद्ध निर्णय दिला. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५४६ मध्ये तोच धागा उचलला: पाप पसरतं ते वंशातून, अनुकरणातून नव्हे.

ओवीकार: संचिताबद्दल. शब्द ओळखीचा म्हणून हात तिकडे जातो, पण हिशेब उलटा आहे. संचितात ज्या जीवाचं कर्म त्याच जीवाला भोगावं लागतं. प्रत्येकाचं खातं वेगळं, कुणाचं जड, कुणाचं हलकं. जन्मपाप दुसऱ्या कुणापासून आलेलं, सगळ्यांचं सारखंच, आणि भोगून संपणारं नाही. मुलाला 'गेल्या जन्मी काहीतरी केलं असशील' असा वास आला की पुनर्जन्मही मागच्या दाराने आत येतो. 'पतितपावन' हा शब्द मात्र खुशाल वापरा. कृपेसाठी मराठीत याहून ओळखीचा शब्द सापडायचा नाही. वारशासाठी तो कामाचा नाही इतकंच. इंग्रज येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स यांनीही १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं, पण आदामाच्या पतनाची कथा बायबलच्याच क्रमाने सांगितली.

वर्गपाठ: फार उपयोगी. दाखले कोणते द्यावे? आनुवंशिक आजार, कर्ज, मळलेले कपडे एवढेच सुचतात.

शब्दकीस: तिन्ही गळतात. आजार म्हटलं की मूल म्हणतं, मग माझी जबाबदारी शून्य. कर्ज म्हटलं की देव सावकार होतो. कपडे म्हटलं की पाप बाहेरून लागलेलं वाटतं आणि साबण आपल्याच हातात. दाखल्याऐवजी मजकूरच वापरा. ४० मिनिटं असतील तर १० मिनिटं रोमकरांस ५:१५-१९, आधी ख्रिस्त, मग आदाम. क्रम उलटला की सगळा तास सापावर जातो. नंतर १० मिनिटं उत्पत्ती ३:७-१३, फक्त तीन क्रिया शोधायला लावा: झाकणं, लपणं, दुसऱ्याकडे बोट दाखवणं. उरलेला वेळ रोमकरांस ७:१५-२० ला द्या. 'जे करायचं ते करत नाही' हे १५ वर्षांच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या रविवारी इफिसकरांस २:१-१०. तिथे हमखास होणारी चूक: 'देव ५० पावलं येतो, आपण ५० जायचं.' ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने हेच नाकारलं; विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. देवाने काहींना वाईटासाठीच नेमलंय, हे मतही त्याच परिषदेने धिक्कारलं. विश्वासाची सुरुवात करून देणारी ही कृपा सर्वांना आधीच पोचलेली आहे असं मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याचं म्हणणं. कॅल्व्हिनपंथीयांच्या १६१८-१९ च्या डॉर्टच्या (हॉलंड) सभेला ते मान्य झालं नसतं. वर्गात एवढा फरक सांगून पुढे जा. आणि डॉर्टच्या संदर्भात 'संपूर्ण भ्रष्टता' हा शब्द आला तर अर्थ सांगा: माणसाचा कोणताही भाग सुटलेला नाही. माणूस शक्य तितका वाईट आहे असा तो अर्थ नाही.

ओवीकार: दोन पुरवण्या. एखाद्याच्या घरी बाप्तिस्म्याआधी बाळ गेलेलं असू शकतं, म्हणून हा विषय तुम्हीच आधी काढा. 'लिंबो' (बाप्तिस्म्यावाचून गेलेली बाळं स्वर्ग आणि नरक यांच्या काठावर राहतात ही कल्पना) ही कॅथलिक मंडळीची बांधील शिकवण कधीच नव्हती. धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद १२६१) अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो, आणि व्हॅटिकनच्या ईश्वरज्ञान आयोगाच्या २००७ च्या दस्तऐवजानेही त्यांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे असं म्हटलं.

दुसरं, कॅथलिक घरातली मुलं मरियेबद्दल विचारतील. १८५४ मध्ये घोषित झालेला निष्कलंक गर्भसंभव हा मरियेच्या स्वतःच्या, तिच्या आईच्या उदरातल्या सुरुवातीबद्दल आहे. येशूच्या कुमारीपोटी जन्माशी त्याची गल्लत मोठी माणसंही करतात. प्रॉटेस्टंट मंडळ्या तो मानत नाहीत. पण कॅथलिक शिकवणीतही तिला जे मिळालं ते ख्रिस्ताच्या पुण्याईने आगाऊ मिळालेली कृपाच आहे, तेव्हा तुमच्या दुसऱ्या रविवारच्या पाठात ते बसतं.