मुलाच्या कलाने होमस्कूलिंग करतोय, पण आता तो रोझरीलाही नाही म्हणतोय. काय करू?

चंद्रवेड्याची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कॅथलिक, तीन मुलं, दोन वर्षांपूर्वी मोठ्याला शाळेतून काढलं. सुरुवातीला घरातच शाळा मांडली होती, वेळापत्रक, वह्या, सगळं. रोज रडारड, त्याची पण आणि माझी पण. मग हळूहळू मुलाच्या कलाने घ्यायला लागलो, म्हणजे तो ज्याच्या मागे लागेल त्यातूनच शिकायचं. आता तो नऊचा आहे आणि गेले दोन महिने फक्त चंद्र. रोज रात्री खिडकीत बसून गोल काढतो, त्यात किती काळं किती पांढरं ते रंगवतो, शेजारी तारीख. ढग असले की गोलावर फुली मारतो आणि चिडतो. बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण गणिताचं पुस्तक काढलं की पोट दुखतं आणि मागच्या आठवड्यात रोझरीच्या (माळेचे मणी मोजत घरी मिळून म्हणतो त्या प्रार्थनेच्या) वेळी म्हणाला, आई तूच म्हणतेस ना जे आवडेल ते करायचं, मला हे आवडत नाही, मी चंद्र बघतो.

मला उत्तरच सुचलं नाही. नवरा म्हणतो हे होणारच होतं, मुलाच्या हातात सगळं सोपवणं कॅथलिक विचारात बसतच नाही, आदिपाप (माणूस जन्मतःच पापाकडे झुकलेला असतो ही शिकवण) मानतो की नाही आपण? त्याने पोप पायस अकरावे यांचं १९२९ चं शिक्षणावरचं परिपत्रकही काढून दाखवलं. त्याचं चुकतंय असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही. गणित आणि प्रार्थना, दोन्हीकडे मुलाचीच मर्जी चालवायची का?

पाच_पोरांचं_घर

ताई, आधी तुमच्या यजमानांचं घेते कारण आमच्याकडेही हेच परिपत्रक जेवणाच्या टेबलावर आलं होतं 😄 त्यात टीका आहे ती आदिपाप आणि देवाची कृपा बाजूला सारून मुलाला कुठल्याही वरच्या नियमाशिवाय सगळा पुढाकार देणाऱ्या पद्धतींवर. पण त्यांना पुढचं वाक्यही वाचायला सांगा, तिथेच पोप म्हणतात की मुलाने आपल्या शिक्षणात हळूहळू जास्त सक्रिय भाग घ्यावा, शिक्षणातून जुलूम जावा एवढाच अर्थ असेल तर ते बरोबरच आहे. म्हणजे दोघंही थोडे थोडे बरोबर, भांडण मिटलं.

आणि आईवडील हे मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक हे तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६५ मध्ये लिहूनच ठेवलंय, त्यामुळे घरी शिकवणं चर्चला चालतं का हा प्रश्न मनातून काढा. देशाच्या कायद्याला चालतं का तो वेगळा, जर्मनीत नाही चालत, तेवढं आपापलं बघून घ्यायचं.

आता रोझरी. माझं स्पष्ट मत, रोझरी हा विषयच नाही. तुम्ही ती गणिताच्या रांगेत उभी केलीत म्हणून त्याने तिला गणितासारखं वागवलं. घरात काही गोष्टी आपण सगळे मिळून करतो, झोपायच्या आधी दात घासतो, आजारी माणसाला भेटायला जातो, रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जातो. त्यात कल बघायचा तो कसं करायचं याचा, करायचं की नाही याचा नाही. आमचा तिसरा रोझरीची पाचही दशकं (दहा-दहा प्रार्थनांचे गट) जमिनीवर लोळून काढायचा, मी काही बोलले नाही, खोलीत होता ना, बास. सहा वर्षांच्या पोराकडून रोझरीतल्या ५३ नमो मरिया प्रार्थना ताठ बसून हव्यात हा हट्ट माझा होता, देवाचा नव्हे.

उशिरा_कळलं

मी जरा कडू बोलणार आहे. आम्हीपण हेच केलं, मोठ्या हौसेने. शाळेशिवाय शिकण्यावर लिहिणाऱ्या जॉन होल्टचं वाचून भारावलो होतो (तो कॅथलिक नव्हता, पण १९७७ मध्ये त्याने सुरू केलेल्या पत्रिकेतून कितीतरी घरांना धीर आला हे खरं). मुलगा आठचा झाला, वाचत नव्हता, आम्ही म्हटलं येईल आपोआप. नऊचा झाला, येईल. त्याला गोष्टी ऐकायला प्रचंड आवडायचं, संतांची चरित्रं तोंडपाठ, त्यामुळे आम्हाला वाटायचं गाडी रुळावर आहे.

दहाव्या वर्षी चर्चमधल्या कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात मुलांनी आळीपाळीने शुभवर्तमानातल्या दोन दोन ओव्या वाचायच्या होत्या. याची पाळी आली की याचा घसा बसायचा. तीन रविवार घसा बसला. चौथ्या रविवारी गाडीतून उतरेचना, मग सीटखाली डोकं घालून सगळं सांगितलं, बाबा अक्षरं हलतात. तपासणी केली, डिस्लेक्सिया (अक्षरं वाचण्यातली अडचण) निघाला. दोन वर्षं आधी कळला असता तर त्याचे ते दोन वर्षांचे बहाणे वाचले असते, मला अजून त्या सीटकडे बघवत नाही.

म्हणून सांगतो, कलाने घेणं म्हणजे मुलाकडे जास्त बारीक बघणं, शाळेतल्या बाईंपेक्षाही जास्त. आम्ही बघणंच सोडलं होतं आणि त्याला विश्वास असं नाव दिलं होतं. गणित काढलं की पोट दुखतं म्हणताय ना, ते कंटाळ्याने दुखतंय की भीतीने, ते आधी शोधा. आकडे उलटे लिहितो का, ओळ चुकते का, फळ्यावरचं नीट दिसतं का, डोळे तरी तपासून घ्या.

चंद्रवेड्याची_आई

@उशिरा_कळलं दादा, वाचून पोटात गोळा आला. वाचतो तो भरपूर, पण सात आणि आठच्या पाढ्यात अडकतो आणि लिहिताना वही तोंडाजवळ घेतो हे आत्ता तुम्ही म्हटल्यावर लक्षात येतंय. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेते.

रविवारची_बाई

मी बरीच वर्षं कॅटेकिझम शिकवते, त्यामुळे माझी बाजू थोडी वेगळी. मुलाच्या कलाने धर्मशिक्षण हे काही आजचं खूळ नाही. मारिया मॉन्टेसरी स्वतः कॅथलिक होत्या, १९०७ मध्ये रोममध्ये त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं. पुढे १९५४ मध्ये रोममध्येच सोफिया काव्हालेत्ती या बायबलच्या अभ्यासक बाईंकडे कोणीतरी एक सातेक वर्षांचा मुलगा आणून सोडला, याला जरा धर्म शिकवा म्हणून. त्यांना मुलांना शिकवायचा अनुभव शून्य. त्यांनी सरळ बायबल उघडलं, आणि दोन तासांनी तो पोरगा घरी जायला तयार नव्हता. मग ज्याना गोब्बी या मॉन्टेसरी शिक्षिकेबरोबर त्यांनी जे उभं केलं ते आज चांगला मेंढपाळ कॅटेकेसिस म्हणून ओळखलं जातं.

त्यात काय असतं, तर एक खोली, तिला एट्रियम म्हणतात. छोटी वेदी, छोटा चषक, लाकडाचा मेंढवाडा, सपाट लाकडी मेंढरं आणि एक मेंढपाळ. बाई बायबलमधला चांगल्या मेंढपाळाचा दाखला (आपल्या मेंढरांना नावाने हाक मारणाऱ्याची गोष्ट) वाचतात, मेंढरं हळूच हलवतात, एखादा प्रश्न सोडतात आणि गप्प बसतात. हे गप्प बसणंच मला सगळ्यात जड गेलं! एकदा चार वर्षांच्या मुलीने ती मेंढरं आत बाहेर, आत बाहेर, असा अर्धा तास खेळ केला, मी मनात म्हणतेय हिला काही कळलं नाही, आणि उठताना ती म्हणाली, याला सगळ्यांची नावं माहीत आहेत ना मग माझं पण असेल. मी नंतर दाराआड जाऊन डोळे पुसले.

पण एक बघा, मुलगी मोकळी होती, खोली मात्र मोठ्यांनी मांडलेली होती. तिथे काय ठेवायचं ते मुलं नाही ठरवत.

पहिल्या कम्युनियनचंही (मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचंही) तसंच. १९१० मध्ये पोप दहाव्या पायसने सात वर्षांच्या आसपासच्या मुलांना वाट मोकळी करून दिली, आधी बऱ्याच ठिकाणी बारा बारा वर्षं थांबवायचे. अख्खा कॅटेकिझम पाठ हवा अशी अट नाही, आपल्या कुवतीप्रमाणे समज हवी. तयारी करून घेण्याची जबाबदारी मात्र चर्चच्या कायद्याने पहिल्यांदा आईवडिलांवर टाकलीय, ती मुलाच्या मूडवर नाही सोडता येत.

घरीच_शिकले

मी त्या बाजूने आलेय, म्हणजे असं वाढलेली मुलगी, आता तिशीत. आमच्याकडे आईबाबा रोज रात्री रोझरी म्हणायचे, आम्हाला खोलीत असणं कंपल्सरी, तोंड उघडणं ऑप्शनल. मी चित्रं काढायचे. बाराव्या वर्षी एका रात्री आई आजारी होती, बाबा एकटेच दोन्ही बाजू म्हणत होते (एकाने अर्धी म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं असं असतं), ते ऐकवेना म्हणून मी उत्तर द्यायला लागले. तेव्हापासून म्हणतेय.

पण याला फॉर्म्युला समजू नका प्लीज. माझा भाऊ त्याच खोलीत, त्याच चटईवर वाढला आणि आज मिस्साला जात नाही. आईने स्वतःला खूप दोष दिला, आधी जबरदस्ती केली नाही म्हणून, मग खोलीत बसवलं म्हणून. पण भाऊ आईला रोज फोन करतो. त्याला घरात कधी खोटं वागावं लागलं नाही, मला वाटतं ते त्यातूनच आलंय.

आकडेमोड

सगळे रोझरीवर बोलतायत आणि इथे पोरगा दोन महिने चंद्र मोजतोय हे कोणाच्या लक्षात येतंय का?? अहो ताई, त्याला ईस्टरची तारीख काढायला द्या! २१ मार्च किंवा त्यानंतरची जी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यात कधीही येतो.

गंमत पुढे आहे. १९ वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ बरोब्बर बसतात, म्हणून पौर्णिमा १९ वर्षांनी परत त्याच तारखांच्या आसपास येतात. सालाला १९ ने भागायचं, बाकीत एक मिळवायचा, याला सुवर्णांक म्हणतात. २०१९ ला भागा, बाकी ५, सुवर्णांक ६. २०३८ ला भागा, बाकी ५, सुवर्णांक ६. दोन्ही वर्षी चर्चच्या तक्त्यातली पौर्णिमा १८ एप्रिल. तरी २०१९ चा ईस्टर २१ एप्रिलला होता आणि २०३८ चा २५ ला येणार, का? तर २०१९ मध्ये १८ तारीख गुरुवारी होती, २०३८ मध्ये ती रविवारीच येते आणि मग पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं. हे त्याला सांगू नका, त्यालाच शोधू द्या.

आणि एक कटकट होणार आहे, तयारीत रहा. चर्चची पौर्णिमा तक्त्यातली आहे, आकाशातली नाही, कधी कधी एखादा दिवस फरक पडतो. २०१९ मध्ये वसंतसंपात (मार्चमधला दिवस-रात्र समान होण्याचा क्षण) आणि पौर्णिमा काही तासांच्या अंतराने लागून आले, आकाश बघणाऱ्याला वाटावं ईस्टर २४ मार्चला, आणि झाला चार आठवड्यांनी. असा पोरगा हे पकडणारच. मग त्याला पोप ग्रेगरी तेरावे आणि क्लाव्हियस नावाच्या जेझुइट संघातल्या धर्मगुरू-गणितज्ञाची गोष्ट सांगा, १५८२ मध्ये कॅलेंडर सरळ करायला ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला होता, मधले दहा दिवस गायब.

पाढे मात्र लागतील. १९ ने भागताना सात-आठचा पाढा नाही आला तर अडेल, आणि तेव्हा पुस्तक काढा.

चंद्रवेड्याची_आई

दहा दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार. सुवर्णांक चिकटला. पहिल्या दिवशी १९ गुणिले १०७ तीन वेळा चुकलं, तीन वेगळी उत्तरं आली, वही फेकली, संध्याकाळी स्वतःच उचलून आणली. आता पाढे म्हणतो, नाराजीने का होईना.

रोझरीचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, खोलीत बसायचं, म्हणायची सक्ती नाही. नवऱ्याला अजून पूर्ण पटलेलं नाही पण तो म्हणाला बघू. मंगळवारी हा खिडकीत वही घेऊन पाठमोरा बसला होता, आमचं संपलं तसा मागे न वळताच म्हणाला, आई, चौथ्या दशकात तू अकरा वेळा म्हटलंस. नवऱ्याला हसू आवरेना. आता माळ त्याच्या हातात असते, म्हणत नाही, मोजतो.

डोळ्यांची अपॉइंटमेंट गुरुवारची मिळालीये, काय निघालं ते कळवते.