टाकोमा की एफ-१५०? आधी गॅरेज मोजा

महिन्यातून दोनदा प्लायवूड आणि उन्हाळ्यात बोट, एवढ्यासाठी टोयोटाची टाकोमा पिकअप पुरेल का, की फोर्डची मोठी एफ-१५० घ्यावी, असं विचारलंत. बोटीचं वजन ट्रेलरसकट धरा. नव्या टाकोमाची ओढायची कमाल क्षमता ६,५०० पौंड, तीही सगळ्या मॉडेलांना नाही. खरी गोची प्लायवूडची. ४ बाय ८ फुटी शीट एफ-१५०च्या हौद्यात चाकांच्या उंचवट्यांमध्ये सपाट बसते, टाकोमात त्यांच्यावर टेकते. मी खाली दोन लाकडी पट्ट्या आडव्या टाकतो, मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधतो.

तरी घेतली टाकोमाच. आमचं गॅरेज २० फुटी, चार दारांची एफ-१५० १९ फुटांच्या वर. दार लागलं असतं हो, पण बायकोच्या लोणच्याच्या बरण्यांचं कपाट कुठे हलवणार?