इंडोनेशियात इस्लाम राजधर्म का झाला नाही?

दापोलीकर:
मुसलमान ८७ टक्के, तरी राजधर्म नाही. गाडं कुठे अडलं? तिकडे राहणारं कुणी आहे का इथे?

बेटावरची:
आहे ना. जकार्ता, २०१४ पासून, नवऱ्याच्या नोकरीपायी.

गाडं सात शब्दांवर अडलं. जून १९४५ च्या घटनेच्या मसुद्यात मुसलमानांना शरियत बंधनकारक, अशा अर्थाचे सात शब्द होते. पूर्वेकडची ख्रिस्ती बेटं फुटतील म्हणून स्वातंत्र्यलढ्यातले नेते मोहम्मद हत्तांनी १८ ऑगस्टला मुस्लीम पुढाऱ्यांची समजूत घालून ते गाळले. स्वातंत्र्याची घोषणा आदल्याच दिवशीची! ते शब्द काहींना अजून सलतात.

पण पक्षांचा गळा आवळला तो दुसऱ्यांनीच. १९५५ च्या निवडणुकीत राष्ट्रवादी, माशुमी आणि नहदलतुल उलमा (हे दोन मुस्लीम पक्ष), कम्युनिस्ट असे चार मोठे पक्ष निघाले, पाव हिस्सा मतं एकालाही नाहीत. राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंनी १९५९ मध्ये घटना समितीच मोडली, १९६० मध्ये माशुमीवर बंदी. त्यांच्यानंतरचे लष्करशहा सुहार्तोंनी १९७३ मध्ये उरलेले पक्ष दोन पोत्यांत कोंबले. दोघांपैकी मौलवी कुणीच नव्हतं.

शंकासुर:
आणि अहोक? जकार्ताच्या चिनी वंशाच्या ख्रिस्ती गव्हर्नरला ईशनिंदेखाली दोन वर्षं! हे कशात बसवायचं?

बेटावरची:
कशातच नाही. २ डिसेंबर २०१६ ला अहोकविरोधी मोर्चात मोनासच्या (राष्ट्रीय स्मारकाच्या) मैदानात पांढऱ्या कपड्यांचा समुद्र होता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या इबूही गेल्या होत्या (इबू म्हणजे आई, बाईमाणसाला सगळे तसंच म्हणतात). येताना माझ्यासाठी तळलेली केळी आणली. मी खाल्ली, काय करणार!

मे २०१७ मध्ये अहोक आत गेले. जुलैत सरकारने, बंदीआधी कोर्टात जायची अट अध्यादेशाने काढून, हिज्बुत तहरीर या खिलाफत मागणाऱ्या संघटनेवर बंदी घातली. ओळखीचे सगळे खूश. ती संघटना लोकशाहीच मानत नाही, तरी मला धाकधूक वाटली. उद्या तोच अध्यादेश कुणावर चालेल?

दापोलीकर:
मग निवडणुका नावालाच?

बेटावरची:
छे! फेब्रुवारी २०२४ मध्ये गल्लीतल्या मांडवात मोजणी पाहिली. इथे शिक्का नाही, मतपत्रिकेला खिळ्याने भोक पाडतात. मोजताना एकेक पत्रिका उंच धरून दाखवतात आणि ग्राह्य असेल तर माणसं ओरडतात, ‘साह!’ इबू खुर्ची टाकून बसल्या होत्या, बोटाला शाई. मत कुणाला, विचारलं तर हसून म्हणाल्या, ‘राहासिया.’ म्हणजे आपलं रहस्यच.