लॅमेलर चिलखताला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठची अनुवादक: चीनमधल्या शीआनच्या मातीच्या सैनिकांवरचा मजकूर शाळकरी मुलांसाठी मराठीत करते आहे. त्यांच्या अंगावरच्या लॅमेलर आर्मरला, म्हणजे छोट्या पत्र्या एकमेकींना बांधून केलेल्या चिलखताला, मी 'खवलेदार चिलखत' लिहिलं. संपादकांनी खोडून 'पट्टिकाकवच' केलं. सातवीच्या पोराला ते कळेल का?

महालकर: ताई, 'खवलेदार' नकोच. खवल्यांच्या चिलखतात पत्र्या कापडावर नाहीतर चामड्यावर शिवलेल्या असतात. लॅमेलरला तसलं अस्तर लागत नाही. प्रत्येक पत्रीला भोकं, त्यांतून चामड्याची वादी, आणि पत्री थेट शेजारच्या पत्रीला बांधलेली. अशा ओळी तयार झाल्या की ओळीला ओळ बांधायची. 13व्या शतकात कार्पिनी नावाचा इटालियन पाद्री मंगोलांकडे गेला होता. त्यानं लिहून ठेवलंय: पत्री बोटभर रुंद, तळव्याएवढी लांब आणि तिला आठ भोकं.

सदरचे काका: मग कवेलूसारखं म्हणा ना जी. एकावर एक चढलेलं.

महालकर: काका, फरक तिथंच आहे. कवेलूत वरची ओळ खालचीवर येते, पाणी उतरावं म्हणून. लॅमेलरमध्ये पुष्कळदा खालची ओळ वरचीवर चढते. शीआनच्या सैनिकांत दोन्ही सापडतं: छातीवर कवेलूची रीत, पोटाशी उलट. त्यानं वाकता येतं.

पुण्याहून आलेली: कवेलू म्हणजे कौल ना? मग कौलच लिहा, सगळ्यांना कळेल.

सदरचे काका: कौल तुमच्याकडं. आमच्याकडं घरावर कवेलूच राहते.

शुद्धलेखनप्रेमी: मुळात 'चिलखत' तरी कशाला? 'वर्म' आहे, 'कवच' आहे. कौटिल्य वर्माचे प्रकार सांगतो त्यात लोखंडी जाळ्या आहेत, गेंड्याचं, हत्तीचं, बैलाचं कातडं आहे, खूर आणि शिंगंसुद्धा आहेत. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात शस्त्रवर्ग आहे. 'पट्टिकाकवच' त्याच वाटेवरचं आहे. संपादक बरोबर आहेत.

अजबबंगल्याचा वारकरी: कोश महाराजांनीच करवला, मान्य. पण 10 नोव्हेंबर 1659 ला अफजलखानाच्या भेटीला जाताना त्यांनी अंगरख्याखाली काय घातलं होतं, हे कुठल्याही मराठी पोराला विचारा. 'चिलखत' हेच उत्तर येईल. जिरेटोपातलं 'जिरे' म्हणजे फारसी 'झिरिह', कड्यांचं जाळं. तो शब्द काढून टाकाल? माझी हरकत निराळी आहे. आपल्या लोकांना 'चिलखत' म्हटलं की कड्यांचं जाळंच डोळ्यांपुढे येतं. म्हणून 'बख्तर' घ्यावं.

महालकर: चिलखतात फारसी 'चिहिल', म्हणजे चाळीस आहे, असं माझं मत. चाळीस पदरी अंगरखा.

शुद्धलेखनप्रेमी: आणि उरलेल्या 'खत'चं काय?

इतवारीची वाचक: पत्रीवर भांडून काय होणार, या चिलखताचा जीव बांधणीत आहे. जपानी लोक पत्रीला 'कोझाने' म्हणतात आणि दोरीच्या गुंफणीला 'ओदोशी' असं वेगळं नाव देतात. पत्र्यांवर लाखेचा लेप असतो, तरी दोरी भिजली की सगळं जड होतं. शीआनलाच 1998 साली दगडी पत्र्यांची चिलखतं सापडली, ती तांब्याच्या तारेनं बांधलेली. लोखंड, चामडं, दगड, काहीही वापरा, बांधणीची रीत तीच. म्हणून मी 'ओवीव चिलखत' सुचवते. कोरीव, घडीव, तसं ओवीव.

अजबबंगल्याचा वारकरी: ओवणं म्हणजे एका दोऱ्यात मणी सरकवणं. इथं प्रत्येक पत्री चारी बाजूंनी जखडलेली. 'गुंफीव' म्हणा.

शुद्धलेखनप्रेमी: 'गुंफित' हा सिद्ध शब्द असताना 'गुंफीव' कशाला पाडायचा?

इतवारीची वाचक: ज्ञानेश्वरीची ओवीसुद्धा ओवण्यातूनच आली म्हणतात. तीही चारी बाजूंनी जखडलेली नाही, तरी सातशे वर्षं टिकली.

धरमपेठची अनुवादक: मजकूर उद्या द्यायचा आहे. तूर्त 'वादीनं बांधलेल्या पत्र्यांचं चिलखत' लिहिते. चित्राखाली एवढी जागा मिळेल का, ते विचारावं लागेल.

पुण्याहून आलेली: काका, कवेलू आणि कौल एकाच मुळातले असतील का?

सदरचे काका: असतील. त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो.