मदत हवी आहे : 'अँटिगनी'तल्या तीन मृत्यूंचा दोष कुणावर, किती?

सोलापुरात बारावीच्या मुलांकडून सोफोक्लीसच्या 'अँटिगनी' या ग्रीक शोकांतिकेवर अभिरूप खटला बसवायचा आहे. आरोपी राजा क्रेऑन, हे ठरल्यातच जमा; बंदी मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकली म्हणून अँटिगनीला गुहेत कोंडणारा तोच. आरोपपत्रावर गाडी अडलीय. कोरस (नाटकातला वृद्ध नागरिकांचा समूह) त्याला सांगतो, आधी अँटिगनीला गुहेतून सोडव, मग तिच्या भावाच्या प्रेताची सोय बघ. तो नेमका उलटा क्रम लावतो आणि पोहोचेपर्यंत तिने गळफास घेतलेला असतो. हा हट्ट की दिरंगाई? क्रेऑनचा मुलगा आणि अँटिगनीचा नियोजित वर हेमॉन आधी बापावर तलवार उगारतो, वार चुकतो, मग स्वतःला भोसकतो. हे कळल्यावर त्याची आई युरिडिसी नवऱ्याला शाप देत मरते.

'अँटिगनीने थोडा धीर धरला असता तर तिघंही वाचली असती' हा बचाव येणारच (तसा तो लंगडाही नाही). फिर्यादी पक्षाने तो संहितेतल्या कुठल्या प्रवेशावरून खोडावा? आणि अँटिगनीची बहीण इस्मेनी हिला साक्षीला आणावं का?