चाळीसगावला डोंगर दिसणारा प्लॉट: समोरच्या ‘ओपन स्पेस’चा भरवसा धरावा का?

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं पुण्यात काढली. आता काम घरूनच चालतं, म्हणून चाळीसगावला परतायचं घाटतंय. मी, बायको, दोन मुलं आणि आई. पाटणादेवी रस्त्याच्या अंगाला एका कॉलनीत कोपऱ्याचा प्लॉट बघितलाय. पूर्वेला आणि दक्षिणेला रस्ता. दक्षिणेकडे डोंगरांची रांग सलग दिसते, आणि खरं सांगायचं तर जीव तिथेच अडकलाय.

पहिल्यांदा मे महिन्यात गेलो तेव्हा डोंगर दिसलेच नाहीत, इतकं धुरकट. दलाल म्हणे, “आहेत ना भाऊ, तिकडेच आहेत. पाऊस पडू द्या.” गच्च्यांवर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत होते आणि एक आजोबा छत्री धरून कावळे हाकत बसले होते, तेवढंच पाहून परतलो. परवा कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाच्या, सोमवारी पुन्हा गेलो, तर रांग हिरवीगार, अगदी अंगावर आल्यासारखी. शेजारच्या काकूंकडे विसर्जनाची गडबड. रोटांचा प्रसाद त्यांच्यात भाऊबंदांतच खातात, म्हणून आम्हाला बसवून चहा पाजला. पोरं तेवढ्यात गल्लीतल्या पोरांत मिसळली. बायकोचं तिथेच ठरलं.

माझं ठरत नाहीये. दलाल म्हणतो, समोर लेआउटची ओपन स्पेस आहे, जन्मात कोणी बांधणार नाही. त्याच्या हातातल्या झेरॉक्सवर मात्र कुणाची सही नाही, शिक्का नाही. शिवाय ओपन स्पेसमध्ये आधी ओटा, मग मूर्ती, मग सभामंडप, मग भोंगा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. देवाला माझी ना नाही, पण डोंगर झाकला तर मी पैसे कशाचे मोजतोय?

दुसरं म्हणजे मागे सत्तर-ऐंशी पावलांवर नाला आहे. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने गावात काय केलं ते इथल्यांना सांगायला नको. मामाच्या दुकानातला गाळ मी स्वतः उपसलाय.

आणि आई. तिला दक्षिणेकडे तोंड असलेलं घर नको.

(बिबट्याचं विचारत नाही. गौताळा अभयारण्य त्याच डोंगरांत आहे, ते धरूनच चाललोय.)

तितूरकाठी: झेरॉक्सवर जाऊ नका. जागा पालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, ते आधी बघा. मग मंजूर लेआउटची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि एनए (बिगरशेती) आदेश, 7/12 यांच्याशी ताडून पाहा. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावीच लागते, पण ती तुमच्यासमोर आहे की मागच्या कोपऱ्यात, हे नकाशाच सांगेल. तिच्या पलीकडे शेत असेल तर तेही उद्या एनए होणार, हे धरूनच चाला. पुराचं म्हणाल तर नकाशावरची निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. पण या रेषा नद्यांच्या. लहान नाल्याला आखलेली असेलच असं नाही. त्यापेक्षा त्याच काकूंना विचारा, 2021 ला पाणी कितव्या पायरीला लागलं होतं.

गच्चीवरचा: आईंना सांगा, दार पूर्वेला काढू, डोंगर खिडकीतून बघू. कोपऱ्याच्या प्लॉटचा हाच फायदा. दक्षिणेची खिडकी बिनधास्त मोठी ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच असतो, आणि वर छज्जा असला की एप्रिलचं ऊनही आत येत नाही. थंडीत मात्र मस्त ऊन येतं. भाजते ती पश्चिमेची भिंत. तिकडे जिना आणि बाथरूम घाला, झोपायची खोली अजिबात नको.

मूळ धागाकर्ता: दोघांचे आभार. पूर्वेच्या दारावर आई राजी झाली. काकूंना फोन केला. पाणी त्यांच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं, ओट्याला पायऱ्या पाच. आमचा प्लॉट त्यांच्यापेक्षा दीडेक फूट खाली आहे, म्हणजे भराव आलाच. नकाशाच्या नकलेसाठी सोमवारी अर्ज देतोय. तोवर कोणी सांगेल का, तिकडे मुरूम सध्या ब्रासला (100 घनफुटांना) काय भावाने पडतो?